स्मृतिभ्रंश-रुग्णाची दवाखान्यातील सोबत (खानदेश)

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला दवाखान्यात भरती करावे लागते तेव्हा त्याच्याजवळ थांबणाऱ्या घरच्या माणसाला कोणती माहिती, कसली मदत आणि किती विसावा लागतो, याचा विचार या नोंदीत केला आहे. भरती बहुधा स्मृतिभ्रंशासाठी नसतेच. खुब्याचे हाड मोडते, न्यूमोनिया होतो, लघवीत जंतुसंसर्ग होतो, पक्षाघाताचा झटका येतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तहान लागली हे सांगण्याचे भान सुटलेले म्हातारे माणूस तेव्हा दोन दिवसांत कोरडे पडते.

भारतात ६० वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते जास्त आढळले. खानदेशात मात्र घरोघरी याला आजार म्हणत नाहीत. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटले की विषय मिटतो. त्यामुळे केसपेपरवर बीपी लिहिले जाते, शुगर लिहिली जाते. आबांना गेली तीन वर्षे घराचा रस्ता सापडत नाही, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

ब्रिटनमध्ये २०१४ साली ‘जॉन्स कॅम्पेन’ नावाची मोहीम सुरू झाली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ घरच्यांना थांबू द्या, एवढीच तिची मागणी होती. खानदेशात गणित उलटे आहे. धुळे असो, जळगाव असो की नंदुरबार, ‘पेशंटजवळ कोण आहे?’ हा वॉर्डातला पहिला प्रश्न. चिठ्ठी घेऊन औषध आणणे, तपासणीची बाटली पोचवणे, स्ट्रेचरला हात लावणे, बेडपॅन देणे हे सारे नातेवाइकाने करायचे, असे धरूनच वॉर्ड चालतो. म्हणजे सोबत सक्तीची, पण सोबत करणाऱ्याला बसायला स्टूल मिळेल याची खात्री नाही. अपवाद अतिदक्षता विभागाचा. तिथे नातेवाईक दाराबाहेर आणि रुग्ण एकटा, दिवसरात्र दिवे चालू, यंत्रांचे आवाज सुरू. भ्रम व्हायला याहून सोयीची जागा नाही.

भ्रम : सोबत्याला सर्वांत आधी समजावून सांगायची गोष्ट ही. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. भ्रम (डिलिरियम) काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असा हेलकावे खातो, आणि कारण सापडले तर बऱ्याचदा उतरतो. ज्याला आधीच स्मृतिभ्रंश आहे त्याला तो होण्याचा धोका फार मोठा. कारणे साधी असतात : ताप, रक्तातले सोडियम घसरणे, लघवी तुंबणे, चार दिवस शौच न होणे, न सांगता आलेले दुखणे, नवे झोपेचे किंवा सर्दीचे औषध, चष्मा घरी राहणे. आरडाओरडा करणारा भ्रम सगळ्यांना दिसतो; गुपचूप पडून राहणारा निसटतो, कारण ‘आज शांत आहेत’ म्हणून वॉर्डही खूश असतो. ‘परवापर्यंत ते असे होते का?’ या एका प्रश्नाचे उत्तर राउंडवरच्या डॉक्टरकडे नसते, ते सुनेकडे असते. पण राउंडच्या वेळी ‘नातेवाईक बाहेर थांबा’ म्हणून नेमके तिलाच बाहेर काढतात.

अमेरिकेत ७० वर्षांवरील ८५२ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेळ-ठिकाणाची आठवण देणे, चालवणे, पाणी पाजणे, चष्मा व कानाचे यंत्र लावणे आणि झोप जपणे एवढ्यावर भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. तिथे यासाठी प्रशिक्षित स्वयंसेवक होते. आपल्याकडे हीच कामे घरची माणसे अर्धीअधिक करतातच, फक्त ती उपचार आहेत असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

बोली : आजार वाढला की बऱ्याचदा मागाहून शिकलेली भाषा आधी मागे पडते. शाळेत मराठी शिकलेला माणूस अहिराणीवर येतो, रावेर-यावलकडचा लेवा बोलीवर, धडगाव-अक्कलकुव्याचा भिली किंवा पावरीवर. सिस्टर मराठीत विचारते, ‘दुखतंय का?’ तो गप्प. नात विचारते, ‘पोट दुखस का?’ आणि तो हात पोटावर ठेवतो. नंदुरबारकडून सुरतेला नेलेल्या रुग्णापुढे तर गुजरातीही येते. दुभाषी हे सोबत्याचे न मोजलेले काम आहे.

दिवे लागण्याच्या सुमाराला अस्वस्थता वाढते. पुरुष वॉर्डात एखादे नाना उठून बसतात, सलाईनची नळी ओढतात, गादीखाली चाचपून पायताण शोधतात : ‘बैलस्ले चारा टाकाना शे.’ ‘नाना, हा दवाखाना आहे, बैल विकून दहा वर्षं झाली’ म्हटले की धिंगाणा. ‘चारा टाकी दिधा दादानी’ म्हटले की ते परत टेकतात, निदान तासभर. हे खोटे बोलणे नव्हे का, असा प्रश्न नवख्या सोबत्याला पडतो. त्याला सिस्टरने एकदा ‘चालतं असं’ म्हटले तरी पुरे होते. एरवी शेवट हात बांधण्यात किंवा गुंगीच्या इंजेक्शनात होतो. मनोविकारांवरील काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये दिला होता. ती द्यावीच लागली, तर कमी मात्रेत आणि थोडे दिवस.

भेटायला येणाऱ्यांचे काय करावे, हा खानदेशी प्रश्न आहे. जीप भरून भाऊबंद येतात, पलंगाभोवती उभे राहतात आणि प्रत्येक जण विचारतो, ‘मी कोण, वळखा बरं?’ उत्तर चुकले की हशा किंवा हळहळ. रुग्ण थकतो, घाबरतो. आल्याबरोबर स्वतःच नाव सांगावे आणि एका वेळी एकानेच बसावे, हे वॉर्डाने सांगितलेले बरे. सून सांगू शकत नाही.

सून हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. शेत, नोकरी, दुकान यांतून पुरुष सुटत नाहीत, तेव्हा जवळ राहते ती बायको, लेक किंवा सून. पुरुष वॉर्डात रात्री बाईला थांबू देण्याची खळखळ, सासऱ्याचे कपडे बदलताना दोघांचाही संकोच, अंघोळीला जागा नाही, डबा एकाचा आणि खाणारी दोघे. तिला मदत करायची तर रात्रपाळी दुसऱ्या माणसाकडे द्यावी. तिचे गुण गाण्यापेक्षा हे उपयोगी.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी दवाखान्यांत ज्येष्ठांसाठी शक्य तेवढ्या खाटा आणि वेगळी रांग यांची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. दोन्हींत रुग्ण आहे. सोबत करणाऱ्याची बुडालेली मजुरी नाही.

सुटी होताना डिस्चार्ज कार्ड घेतो तो गाडी घेऊन आलेला मुलगा. गोळ्या देणारी, लघवीची नळी सांभाळणारी, कुशीवर वळवणारी बाई तोवर पिशव्या भरत असते. कोणती गोळी बंद झाली, नळी कधी काढायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून किती वेळाने वळवायचे, हे तिला सांगून तिच्याकडून परत वदवून घ्यायला दहा मिनिटे लागतात. घरी गेल्यावर विचारायला ज्येष्ठांसाठीचा १४५६७ आणि मनाच्या तक्रारींसाठीचा टेलिमानस १४४१६ हे क्रमांक आहेत. दुसरा तिच्या स्वतःसाठीही चालतो; कार्डावर तोही लिहून द्यावा.