एका स्वस्त गाडीची चौतीस वर्षं

फोर्ड फेस्टिव्हा, माझदा १२१, किआ प्राइड, सायपा सबा. नावं चार, कंपन्या चार, गाडी मात्र एकच. सांगाडा तोच, इंजिन त्याच घराण्यातलं, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तेच २,२९५ मिलिमीटर. १९८६ साली जपानमध्ये विक्रीला आलेली ही छोटी गाडी इराणमध्ये २०२० पर्यंत कारखान्यातून नवीकोरी बाहेर पडत होती. इतकं आयुष्य लाभण्याचं निम्मं कारण तिच्या यंत्रात आहे. उरलेलं निम्मं आयातीचा कोटा, येनचा भाव आणि आर्थिक निर्बंध यांत शोधावं लागतं.

आधी कोट्याचं. १९८१ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे जपानने तिकडे पाठवायच्या गाड्यांवर स्वतःहून मर्यादा घालून घेतली : वर्षाला १६ लाख ८० हजार. पुढे आकडा वाढत गेला, पण मर्यादा राहिली. मोजक्याच गाड्या पाठवता येणार असतील, तर कमी नफ्याच्या छोट्या गाड्या कोण पाठवणार? जपानी कंपन्या मोठ्या, महागड्या मॉडेलांकडे वळल्या आणि स्वस्त गाडीची जागा रिकामी पडली. त्यातच सप्टेंबर १९८५ मध्ये डॉलरचा भाव उतरवण्यासाठी प्लाझा करार झाला. त्यावेळी डॉलरला सुमारे २४० येन मिळत, १९८७ संपताना जेमतेम निम्मे. ज्या गाडीला माझदाच्या गावी, हिरोशिमात, आठ लाख येन खर्च यायचा तिची डॉलरमधली किंमत ३,३०० वरून ६,६०० च्या पुढे गेली, आणि तीसुद्धा गाडीत एक स्क्रू न बदलता. रिकाम्या जागेत इतर शिरलेच. युगोस्लाव्हियाची युगो ३,९९० डॉलरला आली, कोरियाची ह्युंदाई एक्सेल ४,९९५ ला.

फोर्डकडे अमेरिकाभर विक्रेत्यांचं जाळं होतं, पण आपल्या एस्कॉर्ट या छोट्या गाडीच्या खालच्या किमतीत विकायला गाडी नव्हती. माझदाकडे छोट्या गाडीचं ज्ञान होतं, आणि १९७९ पासून माझदात फोर्डचा सुमारे पाव हिस्साही होता. उरली मजुरी. ती स्वस्त होती कोरियात आणि कोरियाला कोटाही लागू नव्हता. किआने सत्तरच्या दशकात माझदाच्याच आराखड्यावर ब्रिसा नावाची गाडी बनवली होती. पण १९८१ मध्ये कोरियाच्या लष्करी सरकारने मोटार उद्योगाची 'फेररचना' केली आणि किआला प्रवासी गाड्या बनवायला चक्क बंदी घातली. किआच्या वाट्याला फक्त हलकी मालवाहू वाहनं आली. ही बंदी १९८७ मध्ये उठली आणि त्यानंतरची किआची पहिली गाडी ठरली प्राइड. थोडक्यात, आराखडा माझदाचा, जोडणी किआची आणि विक्री फोर्डची. जपानमध्ये तीच गाडी फोर्ड फेस्टिव्हा म्हणून ऑटोरामा या दुकानसाखळीत विकली गेली, ऑस्ट्रेलिया आणि युरोपात माझदा १२१ म्हणून. (पुढे माझदाने १२१ हा आकडा इतक्या वेगवेगळ्या गाड्यांना चिकटवला की जुने सुटे भाग मागवताना वर्ष सांगितल्याशिवाय सोय नाही. १९९६ ची १२१ तर चक्क फोर्ड फिएस्टा होती!)

आता गाडीकडे. लांबी सुमारे ३.५७ मीटर, वजन कुठलं रूप आहे त्यानुसार ७०० ते ८०० किलोच्या आसपास. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. इंजिन पुढे आडवं बसवलेलं आणि ताकद पुढच्याच चाकांना. चाकं १२ इंची. चाक लहान ठेवलं की चाकाची कमान बसायच्या जागेत कमी घुसते, टायर स्वस्त पडतो आणि स्प्रिंगवर न तोललेलं, म्हणजे चाक-ब्रेकचं, वजन घटतं. त्याची किंमतही मोजावी लागते. १४५ मिलिमीटर रुंदीच्या १२ इंची टायरचा बाहेरचा व्यास साधारण ५४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला तो मिनिटाला जवळपास ९८० फेरे मारतो. साध्या १५ इंची चाकाला तेवढ्याच वेगाला ८८० च्या आसपास फेरे पुरतात. बेअरिंग आणि रबर त्या प्रमाणात जास्त राबतात. खड्ड्यातही लहान चाक जास्त खोल उतरतं.

मोठी अडचण ब्रेकची. १२ इंची रिंगच्या आत मावेल एवढीच डिस्क बसवता येते. चार माणसं बसलेली १,००० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवायची म्हणजे ३८६ किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करायची. ब्रेक दाबताना भार पुढे येतो, म्हणून त्यातला सुमारे ७० टक्के वाटा पुढच्या दोन डिस्कवर जातो. डिस्क तीन किलोची धरली, तर एका दमात तिचं तापमान शंभरेक अंशांनी चढतं. एकदा थांबलात तर काही बिघडत नाही. घाट उतरताना मात्र थंड व्हायला सवड न देता पुन्हा पुन्हा ब्रेक दाबले, की उष्णता साचत जाऊन कॅलिपरमार्फत (डिस्क दाबणाऱ्या चिमट्यामार्फत) ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि दोनेक वर्षांत हीच मर्यादा १४० अंशांकडे घसरते. मग नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल स्पंजसारखं मऊ होऊन खाली जातं. त्यामुळे अशा गाडीत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलणं आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये राहणं हे दोन्ही पाळावंच लागतं.

इंजिनावर मात्र जीव जडावा असंच ते आहे. माझदाच्या बी मालिकेतली दोन इंजिनं प्रामुख्याने वापरली गेली : १,१३८ सीसीचं बी-१ आणि १,३२४ सीसीचं बी-३. बी-३ च्या सिलिंडरचा व्यास ७१ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८३.६. धाव व्यासापेक्षा लांब असलेली अशी इंजिनं फार उंच फिरायला नाखूष असतात, पण कमी फेऱ्यांत बऱ्यापैकी ओढतात, आणि शहरात तेच हवं असतं. अमेरिकेतल्या कार्ब्युरेटरवाल्या रूपात ताकद होती ५८ अश्वशक्ती, इंधन इंजेक्शन आल्यावर ६३. ऐकायला कमी वाटते, पण ७८० किलोला ती पुरते.

त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट बाहेरून दिसत नाही. मूळ बी-३ मध्ये टायमिंग बेल्ट (क्रँकच्या फेऱ्यांशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवणारा पट्टा) तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत, कारण व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाही वर आलेल्या पिस्टनपर्यंत पोचत नाही. इतर अनेक इंजिनांत बेल्ट तुटणं म्हणजे वाकलेले व्हॉल्व्ह आणि हेड उतरवणं. इथे गाडी बंद पडते, नवा बेल्ट चढवला की चालू. बदलायची मुदत सुमारे ९६,००० किलोमीटर. काम सरळ आहे. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वर आणायचा, क्रँक आणि कॅमच्या चाकांवरच्या खुणा त्यांच्या ठरलेल्या खुणांशी जुळवायच्या, टेन्शनर सैल करून जुना पट्टा काढायचा, नवा चढवायचा आणि टेन्शनर कसायचा. त्यानंतर स्टार्टर न मारता पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवून खुणा पुन्हा तपासायच्या. ही शेवटची पायरी घाईत गाळली जाते. एक दात जरी चुकला तरी गाडी सुरू होते, पण ओढत नाही, आणि मग दोष उगाचच कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो.

कार्ब्युरेटरचे स्वतःचे दोषही होतेच. धुराचे नियम पाळायला त्याच्याभोवती व्हॅक्युमच्या रबरी नळ्यांचं जाळं विणलेलं असे. बॉनेटखालच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून त्या कडक होतात, टोकांना चिरतात आणि तिथून जास्तीची हवा आत शिरते. मिश्रण पातळ झालं की उभ्या गाडीत इंजिन वर-खाली होत राहतं. अशावेळी एकेक नळी चिमटीत दाबून पाहावी. जी दाबल्यावर इंजिन स्थिर होतं, गळती त्याच नळीवर. आधी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसलात तर दोष झाकला जातो, जात नाही.

दुसरा ठरलेला आजार हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. आणि तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. हेडची लांबी ३५ सेंटिमीटर धरली, तर तापमान १०० अंशांनी चढल्यावर ते ०.८ मिलिमीटर वाढू पाहतं, खालचा ब्लॉक फक्त ०.४. मधल्या गॅस्केटला हा फरक रोजच झेलावा लागतो आणि नेहमीच्या तापमानाला ती झेलतेही. पण कूलंट कमी झालेला असेल, किंवा रेडिएटरच्या पंख्याचा स्विच गेलेला असेल आणि गाडी रहदारीत अडकली, तर हेड वाकतं. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय. नुसती नवी गॅस्केट टाकून भागत नाही. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजायची, वाकलेलं असेल तर घासून सपाट करून घ्यायचं, आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने कसायचे. कडेपासून कसत आलं की मध्ये फुगवटा अडकतो आणि काही महिन्यांत तेच काम पुन्हा.

अमेरिकेत फेस्टिव्हा १९८८ च्या मॉडेलपासून १९९३ पर्यंत विकली गेली. तिच्या जागी त्याच सांगाड्यावरची गोलसर ॲस्पायर आली. फेस्टिव्हाच्या मागच्या सीटच्या जागी टॉरस एसएचओ या फोर्डच्याच वेगवान सेडानचं तीन लिटरचं व्ही-६ इंजिन कोंबून शोगन नावाच्या सात गाड्या बनवण्यात आल्या. कशासाठी, ते विचारू नये. किआने युरोपात पाय ठेवला तो याच प्राइडच्या जोरावर. ब्रिटनमध्ये १९९१ पासून ती पांढऱ्या कडांच्या टायरांसकट विकली जाई. पुढे १९९७ च्या आशियाई संकटात किआ बुडाली, ह्युंदाईने ती घेतली आणि २००० मध्ये कोरियातलं प्राइडचं उत्पादन थांबलं.

तोपर्यंत इराणमध्ये तिचा दुसरा जन्म झाला होता. सायपा ही मुळात सिट्रोएनच्या गाड्या जोडणारी कंपनी. १९९३ पासून तिने प्राइडची जुळणी सुरू केली आणि कोरियाने हात काढून घेतल्यावर एकेक भाग देशातच बनवायला घेतला. सेडानला सबा म्हटलं, हॅचबॅकला नसीम. पुढे १४१, १३१, १३२, १११ अशी आकड्यांची रूपं आली आणि १५१ नावाचा पिकअपही. निर्बंधांमुळे परदेशी भागांवर अवलंबून असलेल्या गाड्यांची जुळणी अडली, तेव्हा जवळपास सगळी घरची असलेली प्राइड चालू राहिली. भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे आणि दुरुस्ती कुणालाही यायची.

अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. इंजिनाला कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन बसवता येतं, १२ इंची चाकं काढून १३ इंची लावता येतात. सांगाडा असा बदलता येत नाही. ३.५७ मीटरमधून चाकांमधलं अंतर वजा केलं, तर पुढचा आणि मागचा भाग मिळून १.२७ मीटरच उरतो. पुढच्या वाट्यातली बरीचशी जागा इंजिन आणि गिअरबॉक्स अडवतात, आणि हे काही चेपत नाहीत. ताशी ५० किलोमीटरला गाडी भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग ५० सेंटिमीटर चेपला, तर प्रवाशाला सरासरी २० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट, झटका बसतो. चेपायला २५ सेंटिमीटरच मिळाले तर जवळपास ४०. सूत्र साधं आहे : वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. त्यातून प्रवाशांच्या डब्याचे खांबच दुमडले, तर सीटबेल्ट लावलेल्या माणसालाही जागा उरत नाही.

हा आराखडा झाला तेव्हा युरो एनकॅप ही गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणारी युरोपीय संस्था अस्तित्वातच नव्हती, ती १९९७ मध्ये सुरू झाली. गाडी अर्ध्या रुंदीने अडथळ्यावर आदळवायची चाचणी डोळ्यांपुढे ठेवून हा सांगाडा कुणी आखलेला नव्हता. नंतर एअरबॅग आणि एबीएस जोडता आले. पण एअरबॅग उपयोगी पडते ती डबा शाबूत राहिला तरच. पत्रा जाड करून हे सुटत नाही. कुठला भाग आधी दुमडावा आणि कुठला अजिबात दुमडू नये, हे खांबांच्या आकारात, पोलादाच्या प्रतीत आणि जोडांच्या जागेत ठरतं. ते बदलायचं तर साचे बदलावे लागतात, आणि साचे बदलले की स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही.

इराणने गाड्यांसाठी ८५ मानकांची यादी सक्तीची केली तेव्हा प्राइड त्यात बसेना, आणि २०२० मध्ये सेडान-हॅचबॅकचं उत्पादन बंद झालं. १५१ पिकअप त्यानंतरही बनत राहिला. प्राइडची जागा घेतली सायपाच्याच टिबाने. तिचा सांगाडा प्राइडवरूनच बेतलेला होता, आणि बॉनेटखाली होतं एम-१५, माझदाच्या बी-३ वरूनच वाढवलेलं इंजिन.