तीन महिन्यांच्या शुगरची टेस्ट (एचबीएवनसी): नेमकं काय मोजतो आणि आम्हाला आधी काय सांगायचं

रिपोर्ट हातात पडला की काउंटरवर हमखास प्रश्न येतो, "भाऊ, उपाशीपोटीची शुगर तर नॉर्मल, मग हाई काय शे?" म्हणून हा कागद.

रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला आपोआप चिकटते, साखर जास्त तर चिकटणं जास्त, आणि एकदा पक्की बसली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते साधारण 120 दिवस, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब त्यात सापडतो, त्यामुळे दोन दिवस केळी अन् मांडे बंद करून यायचा काही फायदा नाही हो! उपाशी पण यायची गरज नाही, चहा पिऊन या. तव्यावर भाकरीला खरपूस डाग पडतात ना, ती पण साखर-प्रोटीनचीच रिअ‍ॅक्शन, अंगात ती हळूहळू चालते आणि शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की रक्तवाहिन्या कडक होतात, डोळे-किडनीच्या त्रासात याचा पण हात असतो.

साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन 5.7 टक्क्यांच्या खाली असलं तर नॉर्मल, 6.4 पर्यंत काठावर, 6.5 पासून डायबेटिस. निदान मात्र डॉक्टरच करतील.

बरं, प्रोटीनला साखर लागली म्हणजे वाईटच असं नाही. शरीर स्वतःच एन्झाइम वापरून जागच्या जागी साखरा जोडतं, तुमचा ब्लड ग्रुप त्यातूनच ठरतो: लाल पेशीवरच्या साखळीच्या टोकाला एक साखर असली तर ए, दुसरी असली तर बी, दोन्ही नसल्या तर ओ. 1952 मध्ये मुंबईत सापडलेल्या बॉम्बे ग्रुपमध्ये तर त्याच्या खालचीच साखर नसते, त्या माणसाला ओ रक्तसुद्धा चालत नाही.

आता कामाचं. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, सातपुड्याकडून बरेच लोक येतात आणि तिकडे सिकलसेल आहे, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. सिकलच्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, मग शुगर वाढलेली असून रिपोर्ट कमी येतो आणि पेशंट निवांत! नुकतंच रक्त चढवलं असेल तरी आकडा चुकतो, उलट लोह कमी असलं की उगाच वाढलेला दिसू शकतो, बायांमध्ये हे जास्त. अशा वेळी डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइनबद्दल विचारा, त्यात रक्तातल्या, पण लाल पेशींच्या बाहेरच्या प्रोटीनला चिकटलेली साखर मोजतात, दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो आणि सिकलचा अडथळा येत नाही. यातलं काही असेल तर सुई टोचायच्या आधी आमच्या ताईंना सांगा, सिकलसेलचं कार्ड असेल तर सोबत आणा.