तुमची यादी आमच्याकडे आली की तिचं काय होतं

सभासदांची किंवा वर्गणीदारांची यादी बहुधा चार-पाच जणांनी मिळून भरलेली असते. एकाने तारीख ५/३/२३ अशी लिहिलेली, दुसऱ्याने ०५-०३-२०२३, तिसऱ्याने ५.३.२०२३. अशा हजारो ओळी आम्ही रेग्युलर एक्स्प्रेशन वापरून एकसारख्या करतो. त्यात शोधायचा मजकूर नाही, तर त्याची घडण सांगायची असते: एक-दोन अंक, मग रेघ किंवा टिंब, पुन्हा एक-दोन अंक, परत रेघ किंवा टिंब, शेवटी वर्ष. अशा घडणीच्या वर्णनाला पॅटर्न म्हणतात.

दिवस, महिना आणि वर्ष यांचे पॅटर्न वेगवेगळ्या कंसांत घातले की प्रोग्रॅम ते तीन तुकडे सुटे धरून ठेवतो. पण नुसती अदलाबदल पुरत नाही. ‘५’चं ‘०५’ करायचं असतं, ३१ फेब्रुवारी अडवायची असते. म्हणून सापडलेली प्रत्येक तारीख आम्ही पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या एका छोट्या फंक्शनकडे, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याकडे, देतो आणि ते जे परत देईल ते मूळ जागी बसतं. जन्मतारखेतलं ‘२३’ म्हणजे १९२३ की २०२३, हे मात्र आम्ही तुम्हालाच विचारतो. अंदाजाने भरत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मराठी नावांची घ्यावी लागते. पायथॉनच्या ‘रे’ मॉड्यूलमध्ये, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन चालवणाऱ्या भागात, ‘शब्दातलं अक्षर’ शोधणारी जी खूण आहे, ती काना, मात्रा, उकार धरतच नाही. ‘पुणे’ दिलं तर ‘प’ आणि ‘ण’ एवढंच हाती लागतं! त्यामुळे देवनागरीची चिन्हं आम्ही पॅटर्नमध्ये स्वतः नोंदवतो. ‘गोऱ्हे’सारख्या आडनावाचा घोळ आणखी वेगळा. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: कोणी नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतो, कोणी साधा ‘र’ आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी आडनावं. तेव्हा आधी टायपिंग एकसारखं करायचं आणि मगच दुबार नावं शोधायची. माणसाचं नाव त्याचं त्यालाच परकं वाटावं, असं आमच्या हातून होऊ नये.

मूळ फाइलला आम्ही हात लावत नाही. बदललेल्या प्रत्येक ओळीचं जुनं आणि नवं रूप शेजारी-शेजारी देतो, शंकास्पद ओळी वेगळ्या काढून देतो.

फाइल एक्सेलमध्येच पाठवा. पीडीएफमधून मराठी काढताना वेलांट्या सरकतात. मजकूर श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये असेल तर आधी कळवा: दिसायला ती मराठी असली तरी आत वेगळीच चिन्हं असतात, ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण अक्षर-संकेतांमध्ये, आणावी लागतात आणि त्या कामाला वेळ लागतो.