सिमचा राउटर, घरची फायरवॉल आणि तीनदा बदलणारा पत्ता

पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता खोदला जातो, फायबर तुटते, ऑफिसचं काम अडतं आणि घरात सिमकार्डवर चालणारा राउटर येतो. ज्यांच्याकडे आधीच फायरवॉल, म्हणजे घरच्या जाळ्यात काय येऊ-जाऊ द्यायचं हे ठरवणारं उपकरण आहे, ते राउटरची केबल तिच्या वॅन पोर्टला, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या खाचेला लावतात. मग हमखास ऐकू येतं, ‘आता सुरक्षा दुप्पट झाली!’ हा समज चुकीचा आहे. दोन उपकरणं एकामागे एक लावली की दुप्पट होते ती पत्त्यांची अदलाबदल, म्हणजे ‘नॅट’.

ही अदलाबदल फार सुंदर आहे. समजा, तुमच्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.२० आहे आणि त्याने ५१५४४ या पोर्टवरून (इथे पोर्ट म्हणजे खाच नव्हे, कुठल्या संवादाचं पॅकेट हे ओळखण्याचा क्रमांक) एक वेबपान मागवलं. फायरवॉल पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या छोट्या पुडक्यावरचा, हा पत्ता पुसून स्वतःचा लिहिते, १९२.१६८.८.१००, पोर्ट २०३३१, आणि ही जोडी आपल्या तक्त्यात नोंदवून ठेवते. सिमचा राउटर तेच पुन्हा करतो. आता पॅकेटवर १००.७२.१५.६ दिसतो. पण हाही इंटरनेटवर चालणारा पत्ता नव्हे! मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत तिसरी अदलाबदल होते आणि तिथे कुठे पॅकेटला खरा सार्वजनिक पत्ता मिळतो. उत्तर येताना तिन्ही तक्ते उलट्या क्रमाने वाचले जातात आणि पान बरोबर तुमच्याच लॅपटॉपवर उघडतं.

एवढा खटाटोप कशासाठी? इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या जुन्या, आयपीव्ही४ पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. एका सार्वजनिक पत्त्यामागे पोर्ट क्रमांक ६५,५३६ असतात आणि कंपनी ते अनेक ग्राहकांत वाटते.

आता खरी गोम. तक्त्यातली नोंद आतून बाहेर जाणाऱ्या पॅकेटमुळे तयार होते. बाहेरून न बोलावता आलेल्या पॅकेटला नोंद सापडत नाही आणि ते टाकून दिलं जातं. म्हणून घरच्या कॅमेऱ्यासाठी फायरवॉलमध्ये पोर्ट उघडलं, राउटरमध्येही उघडलं, तरी बाहेरून चित्र दिसत नाही. तिसरा तक्ता कंपनीच्या हातात आहे. उपाय असा, की घरातूनच बाहेरच्या सर्व्हरकडे व्हीपीएनचा बोगदा, म्हणजे कायम खुली राहणारी खासगी वाट काढायची. मात्र नोंदींना आयुष्य असतं, यूडीपी या पोच न मागणाऱ्या पद्धतीच्या नोंदी तर काही वेळा मिनिटाच्या आतच पुसल्या जातात. म्हणून यूडीपीवर चालणारं वायरगार्ड हे व्हीपीएन वापरणारे दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट पाठवायची सोय करतात. तेवढ्याने तिन्ही तक्त्यांतली नोंद जिवंत राहते.

पण याला सुरक्षा समजू नका. ईमेलमधली घातक फाइल तुम्हीच उघडलीत तर ती आतून बाहेर संपर्क करते आणि तिन्ही तक्ते तिला आनंदाने वाट देतात. शिवाय आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीत अशी अदलाबदल सहसा नसतेच. तिथे फायरवॉलचे नियमच कामाला येतात.

राउटरवर चिकटवायचे ‘रेडिएशन-रोधक’ स्टिकर विकले जातात, तेही घेऊ नका. मोबाइलच्या रेडिओलहरी आयनीकरण करणाऱ्या, म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन उडवण्याइतक्या ताकदीच्या नसतात. आणि स्टिकरने खरोखरच लहरी अडवल्या, तर टॉवरपर्यंत पोचण्यासाठी राउटर उलट जास्त शक्तीने प्रक्षेपण करील.

जोडणी करताना दोन गोष्टी पाहा. फायरवॉलच्या आतले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर राउटरचे वेगळे ठेवा. दोन्हीकडे पत्त्यांचा एकच पट्टा असला तर पॅकेट कुठल्या बाजूला पाठवायचं हे फायरवॉलला ठरवता येत नाही. दुसरी गोष्ट लाइन चालू आहे का हे तपासण्याची. फायरवॉल बहुधा समोरच्या राउटरलाच पिंग करते, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारते. टॉवर बंद पडला तरी घरातला राउटर इमानेइतबारे उत्तर देत राहतो, आणि फायरवॉल, दुसरी लाइन असली तरी तिच्याकडे न वळता, मेलेल्या लाइनवरच पॅकेट पाठवत बसते. म्हणून तपासणीसाठी १.१.१.१ सारखा बाहेरचा पत्ता द्या. चाचणी केबल उपटून नव्हे, सिम काढून घ्या. केबल निघाल्याचं फायरवॉलला तत्काळ कळतं. केबल शाबूत आणि टॉवर गप्प, ही अवस्थाच तिला चकवते.