भिजवायची की कोरडी ठेवायची? विणलेल्या फर्निचरच्या दुरुस्तीची पार्श्वभूमी

विणलेल्या खुर्चीची निगा कशी राखावी, असं कुणालाही विचारलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक: अधूनमधून पाणी मारा, नाहीतर वीण वाळून कडकडीत होते आणि तुटते. दुसरा: पाण्याचा थेंब लागू देऊ नका, वीण फुगून सुटते. दोन्ही खरे आहेत, फक्त ते एकाच खुर्चीबद्दलचे नाहीत. पहिला सल्ला वेताचा, दुसरा कागदाचा. हो, कागदाचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ज्या खुर्च्यांना आपण सरसकट वेताच्या म्हणतो, त्यातल्या पुष्कळशा पिळलेल्या कागदाच्या आहेत. सल्ले तेवढे पुढे आले. ते कोणत्या खुर्चीसाठी दिले होते, हे वाटेत कुठेतरी गळून पडलं.

हा इतिहास सांगताना इजिप्तपासून सुरुवात करायची रीत आहे. तिथल्या थडग्यांत विणलेल्या टोपल्या आणि पेट्या सापडल्या आहेत. रोमन काळातल्या, आजच्या जर्मनीतल्या ट्रीअर परिसरातल्या दगडी शिल्पांत उंच पाठीच्या विणलेल्या खुर्च्या वीण मोजता येईल इतक्या स्पष्ट कोरल्या आहेत. पहिल्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात रेलून बसायच्या खुर्च्यांसाठी विलो, म्हणजे आपल्या वाळुंजाचं भावंड, उत्तम असं नोंदवलेलं आहे. म्हणजे कल्पना जुनी आहे. पण घरी पक्कड आणि पाण्याची बादली घेऊन बसलेल्या माणसाला यातलं फारसं काही उपयोगी पडत नाही. त्याच्यासमोरची खुर्ची बहुधा गेल्या पावणेदोनशे वर्षांतली असते, आणि त्याची पहिली अडचण वस्तूची नसून शब्दांची असते.

'वेत' या एका मराठी शब्दात आपण वनस्पती, तिची सोललेली पट्टी आणि मास्तरांची छडी अशा तिन्ही गोष्टी कोंबल्या आहेत. (गोठ्यातलं वेत निराळं. दुसऱ्या वेताच्या म्हशीचा खुर्चीशी काही संबंध नाही.) शब्दाचं मूळ संस्कृतातल्या 'वेत्र', 'वेतस' या शब्दांत आहे. त्याच मुळातून फारसीत 'बीद' झाला, त्याचा अर्थ मात्र विलो. इंग्रजीतला 'विदी', म्हणजे बांधायला वापरायची लवचिक फांदी, हाही त्याच घराण्यातला. या सगळ्यांच्या तळाशी वळवणं, पीळ घालणं ही क्रिया आहे. ज्या प्रदेशात जे झाड न मोडता वाकलं, त्याला ते नाव मिळालं. विणलेल्या फर्निचरला इंग्रजीत 'विकर' म्हणतात. हा शब्दही स्कँडिनेव्हियन भाषांतल्या विलोच्या नावावरून आणि वाकण्याच्या क्रियापदावरून आला. पुढे तो कोणत्याही झाडाचा न राहता विणीच्या कामाचा झाला. म्हणून 'विकरची खुर्ची' म्हणजे कशाची, याचं उत्तर त्या नावातून मिळतच नाही. विलो, वेत, कागद, प्लास्टिक, काहीही असू शकतं.

'रॅटन' मलय भाषेतल्या 'रोतान'वरून आला. हा मात्र वनस्पतीचाच शब्द: काटेरी, झाडांवर चढत जाणारा, वेलीसारखा वाढणारा ताडकुळातला वेत. त्याच्या सुमारे 600 जाती आहेत. तो बांबू नव्हे. बांबू आतून पोकळ असतो, वेत अथपासून इतिपर्यंत भरीव. कापलेलं टोक पाहिलं की शंका फिटते.

खरा घोटाळा 'केन'चा आहे. दुकानात 'केनचं फर्निचर' म्हटलं की अख्खी खुर्ची आली, जाड दांड्यांसकट. विणकाम करणाऱ्याच्या तोंडी 'केन' म्हणजे फक्त साल, वेताची बाहेरची चकचकीत त्वचा, लांब पट्ट्यांमध्ये सोललेली. साल काढल्यावर आतला गाभा उरतो. त्याच्या गोल किंवा चपट्या काड्या काढतात, त्यांना 'रीड' म्हणतात. इंग्रजीत पाणथळ जागी उगवणाऱ्या बोरूलाही हाच शब्द असल्यामुळे भाषांतरित लेखांत 'खुर्चीसाठी बोरू आणा' अशी वाक्यं मी वाचली आहेत. बोरूने खुर्ची विणायला बसलेल्या माणसाची कल्पनाच करवत नाही.

साल आणि गाभा यांतला भेद पोथीतला नाही, सगळी दुरुस्ती त्यावर उभी आहे. सालीत सिलिका असते. तिच्या चकचकीत बाजूवर पाणी ठरत नाही, तेल मुरत नाही, रंग धरत नाही, पापुद्रे होऊन निघतो. गाभा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो, रंग पितो, आणि कोरड्या हवेत वर्षानुवर्षं राहिला की ठिसूळ होतो. सालीची बैठक सैल पडली की ती खालून ओली करतात, कारण पट्टीची मागची, गाभ्याकडची बाजू तिथे उघडी असते. गरम पाण्याचं फडकं खालून चांगलं दाबून लावायचं, खुर्ची सावलीत सावकाश वाळू द्यायची, आणि पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर बसायचं नाही. पट्टी आकसते, बैठक ताणली जाते. वरून कितीही शिंपडलं तरी हे होत नाही. पट्टी तुटलेली नसेल तरच ही युक्ती चालते. तुटलेल्या पट्टीला ताण देणं म्हणजे शेजारचीही तोडणं.

युरोपात ही साल 1660 च्या दशकात लोकप्रिय झाली. 1680 च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये लोकरीचा धंदा करणाऱ्यांनी या खुर्च्यांविरुद्ध थेट संसदेकडे धाव घेतली. वेताच्या खुर्चीवर लोकरीचं कापड लागत नाही, ही त्यांची पोटदुखी. खुर्चीवाल्यांचा बचाव असा की आमचा माल हलका आहे, टिकाऊ आहे, त्यात धूळ आणि कसर साठत नाही. बंदी आली नाही. त्या काळातली बैठक चौकटीत छिद्रं पाडून हाताने विणलेली असे: दोन उभ्या फेऱ्या, दोन आडव्या, दोन तिरक्या, आणि वर काठाची बांधणी. हाताने विणायची बैठक आजही याच क्रमाने विणतात. पट्टी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायची, तेवढ्याने ती वळते. रात्रभर भिजत ठेवणं हा उत्साह झाला, पट्टी काळवंडते.

या कथेतली मोठी कलाटणी 1844 मधली, बॉस्टनच्या धक्क्यावरची. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांत माल हलू नये म्हणून वेताच्या मोळ्या ठासत आणि माल उतरला की त्या फेकून देत. एका किराणा व्यापाऱ्याने त्या उचलल्या, खुर्चीवाल्यांना विकल्या, आणि पुढे याच मालावर स्वतःचा कारखाना काढला. कारखान्याच्या गावाने 1868 मध्ये त्याचं आडनाव गावाला दिलं. दुरुस्तीच्या दृष्टीने मात्र धक्क्यापेक्षा गाभ्याची गोष्ट महत्त्वाची. आधी फक्त साल वापरायचे आणि गाभा टाकाऊ समजायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्या टाकाऊ गाभ्यातूनच अख्खं फर्निचर विणायला लागले. नागमोडी कडा, गुंडाळ्या, मणी, पंखे, सगळी हौस गाभ्यामुळे शक्य झाली. आणि गाभा रंग धरतो, म्हणून विणलेल्या फर्निचरवर रंगाचे हात चढू लागले ते तेव्हापासून.

पाठोपाठ यंत्रं आली. 1860 च्या दशकाच्या उत्तरार्धात बैठकीच्या लाकडात कडेने खाच पाडणारं यंत्र निघालं, आणि पुढच्या काही वर्षांत सालीचं कापडासारखं अखंड विणकाम करणारा माग. छिद्रांतून ओवण्याऐवजी विणलेला तुकडा खाचेत दाबायचा, वरून गाभ्याची पट्टी ठोकून सरसाने बसवायची. म्हणून आज खुर्ची हातात आली की आधी ती उलटी करून पाहावं. कडेला छिद्रांची रांग दिसली तर काम काही दिवसांचं. खाच दिसली तर पट्टी काढायची, जुना सरस गरम पाण्याने सोडवायचा, नवा तुकडा भिजवून दाबायचा. एका दुपारीही होतं. यंत्राने कला मारली असं हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला तसं वाटत नाही. खाच आली नसती तर निम्म्या बैठकी फळी ठोकून बंद झाल्या असत्या.

गाद्यांत रोगजंतू दडतात ही भीती पसरली तशी विणलेली खुर्ची आरोग्यदायी म्हणून विकली जाऊ लागली. आगबोटींच्या डेकवर, व्हरांड्यात, पुढे 1920 च्या दशकातल्या प्रवासी विमानांतही ती दिसते, कारण हलकी. गरम हवेच्या फुग्यांच्या टोपल्या आजही विणलेल्या असतात, जमिनीवर आदळताना वीण धक्का पचवते म्हणून. घरातल्या खुर्चीचीही हीच खुबी आहे: ती टिकते ती लवते म्हणून. तिच्यावर रंगाचा हात देणं म्हणजे तिची लवचिकता थोडी थोडी बंद करणं. पहिला हात खपतो. चौथ्या-पाचव्या हातापर्यंत विणीची भोकं बुजतात, बसलं की रंग तडकतो आणि तडकताना काडीलाही घेऊन जातो. तो काढायला कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवलं तर रंगासकट खुर्ची जाते. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली तीच 1978 मध्ये. त्यामुळे वय माहीत नसलेल्या रंगीत खुर्चीवर कोरडा पॉलिश पेपर घासू नये.

आता कागद. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात क्राफ्ट कागद, म्हणजे पिशव्यांचा मजबूत तपकिरी कागद, पिळून, खळ देऊन त्याची दोरी विणायला सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धात समुद्री वाहतूक विस्कटली, वेत दुर्मिळ झाला, कागदाचं फावलं. 1917 मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या एका बाबागाडी बनवणाऱ्याने कागदी दोरीचं कापड मागावर वेगळं विणून नंतर चौकटीवर चढवायची पद्धत आणली. उभ्या दोऱ्यांत पोलादाची तार. काही वर्षांत इंग्लंडमध्येही हे फर्निचर बनू लागलं. तिथला मुख्य कारखाना सप्टेंबर 1940 मधल्या बॉम्बहल्ल्यात जळाला, पण माल घराघरांत पोचला होता. तो इतका हुबेहूब असतो की जाणते फसतात. तपासणी सोपी आहे. तुटलेलं टोक उलट्या दिशेने पिळा: कागद असेल तर उलगडतो, वेत तंतू सोडतो. लोहचुंबक लावा: उभ्या दोऱ्या ओढल्या गेल्या तर आत तार आहे. अशा खुर्चीला जेमतेम ओलसर फडकं पुरे. नळाखाली धरली तर पीळ सुटतो, आणि सुटलेला पीळ पुन्हा बसत नाही.

तेलाचं भांडण याच काळापासून चालत आलं आहे. उकळलेलं जवसाचं तेल टर्पेंटाइनमध्ये मिसळून लावावं असं एक घराणं सांगतं. तेल चिकट राहतं, काळं पडतं, बुरशीला खाऊ घालतं असं दुसरं. माझा कल दुसऱ्याकडे. सालीला तेल पोचतच नाही, कागदाला ते नको, उरला बिनरंगाचा गाभा. त्याला पातळसा हात क्वचित चालतो. मुळात वेत जंगलातून आल्यावर तो तेलातच उकळतात, बहुतेक ठिकाणी डिझेल आणि खोबरेल तेलाच्या मिश्रणात, ओल आणि मेण निघावं म्हणून. कीड लागू नये हाही हेतू असतो. खुर्चीखाली पिठासारखी भुकटी पडू लागली तर भुंगेरा आत आहे असं समजावं. आणि तेल लावलंच तर बोळा चुरगळून टाकू नये, पसरून वाळवावा. जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप तापून पेटतात.

जगात सर्वाधिक वेत इंडोनेशियात होतो. तिथल्या सरकारने कच्च्या वेताची निर्यात कधी बंद, कधी खुली असं अनेकदा केलं आणि 1 जानेवारी 2012 पासून पुन्हा बंद केली. तयार फर्निचर तिथेच बनावं हा हेतू. बाहेरच्या कारागिरांना ते बोचलं, जंगलात वेत तोडणाऱ्यांनाही, कारण त्यांचं गिऱ्हाईक घटलं. पण घरबसल्या दुरुस्ती करणाऱ्याचं जग त्याआधीच बदललं होतं. 1990 च्या दशकात जर्मनीतल्या एका माजी फुटबॉल गोलरक्षकाने पॉलिथिलीनच्या दोरीने अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर विणलेलं, पावसात ठेवता येणारं फर्निचर बाजारात आणलं आणि बघता बघता बाहेर मांडायच्या खुर्च्या प्लास्टिकच्या झाल्या. यात भिजवण्याचा प्रश्नच नाही. साबणपाणी, मऊ ब्रश, संपलं. दोरी तुटते ती उन्हाने. मालात घातलेलं ऊनरोधक रसायन संपत आलं की आज एक तुटते आणि महिन्याभरात दहा. एखाददुसरी तुटली तर तेवढ्याच जाडीची नवी ओवून टोकं विणीत दडवता येतात. दहा तुटल्या तर अख्खी पाठ नव्याने विणावी लागते. त्या पहिल्या पिढीतल्या खुर्च्या आता तिशीला आल्या आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीचे सल्ले आत्ता कुठे जमू लागले आहेत. त्यातही एक सल्ला जुन्याच पेटीतला निघाला: जवसाचं तेल लावा.