‘हापूस’ लिहिलेला डबा आणि कायदा : पार्श्वभूमी

मे संपत आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात पेटीचा भाव उतरतो आणि उरलेला आंबा किलोवर ‘कॅनिंगला’, म्हणजे गर काढून डबाबंद करायला, जातो. फळ हातात असेपर्यंत साल, देठ, वास सांगतात तो हापूस की दुसरा. गर डब्यात गेला की गिऱ्हाइकाच्या हाती उरते ते लेबल.

१९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला. त्याच वर्षी फळ उत्पादने आदेश निघाला आणि डब्याबाटल्यांवर एफपीओचा (या आदेशाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) शिक्का आला. स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के रस, जॅममध्ये ४५ टक्के फळ, ही प्रमाणे त्या आदेशातली. तेव्हा तपासणीसाठी घेतलेल्या नमुन्याचे तीन भाग होत आणि लेबल खोटे निघाले तरी फौजदारी खटलाच उभा राही.

२००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि हे दोन्ही मागे पडले. आता नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या भागाच्या अन्न सुरक्षा प्रमुखाकडे. चौथा, व्यावसायिकाने मागणी केली तर त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा, त्यावर ३० दिवसांत अपील. मिथ्याछाप, म्हणजे खोटे किंवा अपुरे लेबल असलेल्या, मालाला ३ लाखांपर्यंत, कमी दर्जाच्या मालाला ५ लाखांपर्यंत दंड. माल असुरक्षित ठरला तर मात्र तुरुंग.

डबा तपासताना पहिली नजर झाकणावर. झाकण फुगलेले, अंगठ्याने दाबले की खाली जाऊन परत वर येणारे, म्हणजे आत वायू धरला आहे. कारणे दोन: शिवण नीट न बसल्याने किंवा उष्णता कमी पडल्याने जंतू वाढलेले, नाहीतर आंब्याच्या आम्लाने पत्रा खाऊन हायड्रोजन सुटलेला. दोन्ही डबे बादच. नियम असा की ३७ अंश सेल्सिअसला १० दिवस ठेवूनही जंतुवाढ दिसता कामा नये, आणि डब्यात जितके पाणी मावते त्याच्या ९० टक्के तरी माल भरलेला हवा.

हे सारे मोजता येते. अडते ते जातीपाशी. तोतापुरीचा स्वस्त गर मिसळला आणि साखरेने गोडी, रंगाने केशरी छटा जुळवली, तर रंगाची चाचणी रंग पकडते; पण ब्रिक्स (गरात विरघळलेल्या साखरेचे माप) आणि आम्लता यांच्या आकड्यांतून जात कळत नाही. परवानगी असलेला रंगही लेबलावर न सांगता घातला, तर डबा मिथ्याछाप ठरतो. रंग न घालता केलेली मिसळ मात्र या चाचण्यांतून निसटते, आणि बागायतदाराचे खरे नुकसान तिथेच होते.

२०१८ साली ‘हापूस’ला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्याचे जिल्हे. पण मानांकनाचा कायदा वेगळा, त्याची दाद वेगळीकडे. म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला कारखान्यात पाहायची असते ती खरेदीची वही: कोणत्या तारखेला कोणता आंबा किती किलो आला, त्यातून किती गर निघाला, आणि त्या बॅचचे किती डबे ‘हापूस’ म्हणून बाहेर गेले.