अनोळखी आणि बेवारस

‘अनोळखी मृतदेह’ आणि ‘बेवारस मृतदेह’ हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. बातमीत तर एकाच परिच्छेदात दोन्ही येतात. खरं तर त्यांचे अर्थ वेगळे आहेत. अनोळखी म्हणजे मेलेला कोण ते कळलेलं नाही. बेवारस म्हणजे ते कळलं असेल किंवा नसेल, पण ताबा घ्यायला कुणी आलेलं नाही. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचा खून झाला की पहिल्या शब्दाचा दुसरा व्हायला फार दिवस लागत नाहीत. शवागारातली मुदत संपते, अंत्यविधी उरकला जातो आणि कागद कपाटात जातात. ओळख पटवू पाहणाऱ्या तपास अधिकाऱ्याला जे काही करायचं, ते एवढ्या अवधीत.

हे तो केवळ कणव म्हणून करत नाही. वैर कुणाशी होतं, पैशांची देवघेव कुठे होती, शेवटचं कुणासोबत पाहिलं, हे खुनाच्या तपासातले सगळे प्रश्न मेलेल्याच्या नावाला टांगलेले असतात. नावच नसेल तर काय विचारायचं आणि कुणाला? शेजारी झोपणाऱ्यांना तो माहीत असतो, पण टोपणनावाने. शिवाय ते स्वतःही आज इथे तर उद्या तिथे, आणि पोलिसांशी बोलायला फारसे राजी नसतात. हरवल्याची तक्रार तर बहुतेक वेळा कुणी दिलेलीच नसते.

ओळख पटवण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे मृतदेह लोकांना दाखवणं. ‘मॉर्ग’ म्हणजे शवागार, या शब्दातच ते दडलेलं आहे. रोखून पाहणं, असा त्याच्या मुळाशी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दाचा अर्थ सांगतात. पॅरिसच्या शातले तुरुंगात नव्या कैद्यांचे चेहरे पहारेकऱ्यांनी नीट निरखून ठेवावेत म्हणून एक खोली होती. पुढे तेच नाव अनोळखी मृतदेह ठेवण्याच्या जागेला चिकटलं. 1804 मध्ये तिथल्या मॉर्गला स्वतंत्र इमारत मिळाली आणि 1864 मध्ये ते नोत्र दाम चर्चच्या मागे हललं. काचेच्या मोठ्या खिडकीपलीकडे उतरत्या फरशांवर मृतदेह मांडलेले असत आणि अंगावरचे कपडे वर टांगलेले. शीतकरण येण्याआधी त्यांच्यावर गार पाण्याची धार धरत. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी एखाद्याला तरी ओळख पटेल, ही अपेक्षा. येत मात्र बघे. सेन नदीतून कुणी निघालं, एखाद्या खुनाचा बोभाटा झाला, की जत्रा लोटायची. अखेर 1907 मध्ये लोकांसाठी दार बंद झालं. या रीतीची मर्यादा उघड होती : चेहरा ओळखणाऱ्याने त्याच आठवड्यात त्याच खिडकीसमोर यायला हवं, आणि ओळखलं तर बोलायलाही हवं.

मग आल्या नोंदी. अल्फोन्स बर्तियों या पॅरिस पोलिसांतल्या कारकुनाने 1880च्या दशकात डोक्याची लांबी, मधलं बोट, डावं पाऊल अशी मापं घेऊन माणसाचं कार्ड तयार करायची पद्धत बसवली. तिच्या मागोमाग बोटांचे ठसे आले. विल्यम हर्शेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1858 मध्ये बंगालात जंगीपूरला एका करारावर हाताचा ठसा घेतला होता. 1897 मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. ठशांचं वर्गीकरण जगभर बंगालचा पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री याच्या नावाने चालतं, पण त्यामागचं बरंचसं डोकं त्याच्या हाताखालच्या काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचं होतं. स्कॉटलंड यार्डने ते 1901 मध्ये उचललं.

ठसे घ्यायला मृतदेह ताजाच हवा असं नाही. पाण्यात बरेच दिवस राहिलेल्या हाताची कातडी मोज्यासारखी निघून येते. तज्ज्ञ ती आपल्या हातमोजा घातलेल्या बोटावर चढवतो आणि स्वतःचं बोट असल्यासारखा ठसा उमटवतो. ऐकायला कसंसंच वाटतं, पण उपयोगी पडतं. अडचण ठसा मिळण्याची नसते, तो कशाशी ताडून पाहायचा याची असते. ही कार्डं बनली गुन्हेगारांची, पुढे सैनिकांची आणि सरकारी नोकरांची. कधीच पकडला न गेलेला आणि कुठल्याच नोकरीत नोंद नसलेला माणूस त्यांत सापडणार कुठून?

दातांचंही तेच. कोलकात्यातलं कार्यालय निघालं त्याच वर्षी, 4 मे 1897 रोजी, पॅरिसमध्ये धर्मादायासाठी भरलेल्या बाजारात आग लागून सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. त्यांत उमराव घराण्यांतल्या बायका पुष्कळ होत्या. ओळखू न येणाऱ्या देहांसाठी त्यांच्या दंतवैद्यांना बोलावलं गेलं आणि नोंदींवरून अनेकींची ओळख पटली. न्यायवैद्यक दंतशास्त्राच्या इतिहासात ही घटना हमखास येते. फक्त त्या बायकांना दंतवैद्य होते, ही गोष्ट सांगताना राहून जाते.

या सगळ्या साधनांची एकत्र कसोटी लागली ती लंडनमध्ये. 18 नोव्हेंबर 1987 च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली आणि 31 जण दगावले. एक सोडून सगळ्यांची ओळख पटली. उरलेल्या पुरुषाला शवागारातल्या चिठ्ठीवरचा आकडा तेवढा राहिला : 115. ठसे घेतले गेले. कवटीवरून चेहरा घडवण्यात नाव असलेल्या रिचर्ड नीव्ह यांनी मातीत त्याचा चेहरा उभा केला. कवटीत मेंदूच्या शस्त्रक्रियेतली छोटी धातूची चिमटी होती, जपानी बनावटीची. एवढा ठळक धागा एरवी आठवड्यात उलगडला असता. इथे सोळा वर्षं लागली.

घोटाळा झाला वयात. मृताचं वय 40 ते 60 धरलं गेलं होतं. ज्याचा तो देह होता तो माणूस सत्तरी ओलांडलेला, बायको गेल्यावर घर सुटलेला आणि लंडनच्या रस्त्यांवर राहणारा. त्याच्या घरच्यांना शंका होती, पण वयाच्या चौकटीत तो बसतच नव्हता. शेवटी 2004 मध्ये शस्त्रक्रियेच्या तपशिलांनी ओळख पक्की झाली. हाडांवरून सांगितलेलं वय हा अंदाज असतो, आणि प्रौढ माणसाच्या बाबतीत तर बराच ढोबळ. तो एकदा नोंदवहीत आकडा म्हणून उतरला की पुढचा प्रत्येक जण त्याने गाळणी लावतो, आणि खरा माणूस गाळणीतून बाहेर पडतो. माझ्या मते या प्रकरणातून पोलिसांनी घ्यायची गोष्ट चिमटीची नाही, या चौकटीची आहे.

डीएनए आल्यावर हे सगळं मागे पडेल असं वाटलं होतं. आनुवंशिकीतज्ज्ञ अलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये ‘डीएनएचा ठसा’, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखायची रीत, शोधली. त्याच वर्षी अर्जेंटिनात, लष्करी राजवटीत नाहीशा झालेल्या मुलांच्या आज्यांसाठी अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग आनुवंशिक चाचण्यांवर काम करत होत्या. तिथे शोधणाऱ्या आज्या आधीपासून उभ्या होत्या, रक्त द्यायला तयार होत्या, आणि विज्ञान त्यांच्यामागून आलं. रस्त्यावरच्या मृताच्या बाबतीत ही बाजूच रिकामी असते. त्याच्या हाडातून डीएनए निघतो, पण जुळवायला समोर कुणी नसतं.

ही अडचण काहीशी सुटली ती 2018 पासून, वंशावळीच्या वाटेने. कुळाची हौस म्हणून लोकांनी आपला डीएनए खुल्या संग्रहांत टाकलेला असतो. त्यात मृताचा तिसऱ्या-चौथ्या पिढीतून लागणारा एखादा चुलत भाऊ निघतो, मग जन्म-मृत्यूच्या आणि लग्नाच्या नोंदी जोडत खाली उतरायचं. अमेरिकेत कित्येक दशकं नुसत्या टोपणनावाने ओळखले गेलेले मृत यातून नावानिशी परतले. हे संग्रह मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांनी भरलेले आहेत. इतरांच्या बाबतीत नातलग सापडण्याची शक्यता त्या मानाने कमी.

आणि गंमत म्हणजे खिडकी पुन्हा उघडली आहे. अनोळखी मृतदेहांसाठी इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेची ‘काळी नोटीस’ असते. एरवी ती पोलिसांपुरतीच. मे 2023 मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या 22 अनोळखी स्त्रियांच्या नोटिसांमधला काही भाग प्रथमच लोकांसमोर ठेवला गेला : कपडे, दागिने, पुन्हा घडवलेले चेहरे. त्यांतली एक 1992 मध्ये अँटवर्पला पाण्यात सापडली होती. तिच्या हातावर फुलाचा टॅटू होता. ब्रिटनमधल्या तिच्या नातलगांनी बातमीत तो पाहिला आणि ओळखला.